स्टॅटिक पोर्टातली रुई

"सर, अल्टिमीटर हलून नाही राह्यला. एअरस्पीडबी खाली येऊन राह्यला."

रेडिओवर इंग्रजीत बोलायचा नियम होता. आमची विद्यार्थिनी वैशाली गावंडे तो कधी मोडत नसे. त्या दिवशी मोडला. यवतमाळच्या धावपट्टीशेजारच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत चीफ इन्स्ट्रक्टरनी चहाचा कप खाली ठेवला आणि माइक ओढला. मी दारात उभा होतो. चीफना अजून काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

मी मुळे. त्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. कॉकपिटमधली घड्याळं, म्हणजे डायल, दुरुस्त करायचे, तपासायचे आणि सकाळच्या डेली इन्स्पेक्शनच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. शिवाय रोज दुपारी तासभर पोरांना शिकवायचो, कुठला काटा काय सांगतो ते. पगार मेकॅनिकचा, मास्तरकी फुकट. पण मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू?

आधी ते भोक काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छोट्या विमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या पुढे, एक बारीक भोक असतं. भिंतीतला खिळा उपटल्यावर उरतं तेवढं. त्याला स्टॅटिक पोर्ट म्हणतात. बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत जातो. वर गेलं की दाब कमी होतो, आणि त्यावरून अल्टिमीटर उंची दाखवतो. व्हीएसआय नावाचा दुसरा डायल चढतोय की उतरतोय ते दाखवतो. वेग दाखवणाऱ्या एअरस्पीडलाही तोच दाब लागतो. म्हणजे तीन डायल आणि एक भोक. ते बुजलं की तिन्ही गेले.

विमान धुताना भोकात पाणी जाऊ नये म्हणून ते झाकावं लागतं. त्यासाठी लाल पट्टी लोंबणारा प्लग येतो. लाल यासाठी, की काढायचा राहिला तर आंधळ्यालाही दिसावा. आमचा प्लग हरवला होता. मी दोनदा मागणी लिहून दिली. चीफ म्हणाले, "मुळे, पुढच्या ऑर्डरमध्ये टाकू." चिकटपट्टी लावली तर डिंक राहायचा. माझ्या शॉपमध्ये डायलच्या काचा पुसायला रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, पिशवी असायची, ओळखीच्या जिनिंग मिलमधून आणलेली. यवतमाळात आणखी कशाची पिशवी असणार? एकदा त्यातलीच चिमूटभर घेतली, बोटांनी वळली आणि भोकात बसवली. झकास बसली. पाण्याचा थेंब आत गेला नाही. मी स्वतःवर खूश झालो.

मग तीच पद्धत पडली. पांढरं विमान, पांढरी रुई. भोकाभोवतीची धातूची चकतीसुद्धा कधीच्या काळी कुणीतरी पांढरी रंगवून टाकलेली. पण लावणारा मी, काढणारा मी. दोन वर्षं काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून ती पद्धत बरोबर आहे असं मी समजून चाललो होतो.

आता वैशाली. आर्णीची. वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, म्हणजे गाडीतला कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवणारे. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव नाही, खरेदी सुरू होत नाही, गाड्यांच्या रांगा हलत नाहीत, आणि सगळा राग निघायचा ग्रेडरवर. गावंडे रोज शिव्या खाऊन घरी यायचे. मुलीनं या कापसाच्या धंद्यातून बाहेर पडावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी त्यांनी आर्णीतला प्लॉट विकला. नातेवाईक म्हणाले, येडा झाला माणूस.

पोरगी हुशार होती, पण त्याहून जास्त म्हणजे चिवट होती. घरी तिनं पुठ्ठ्याचे सहा डायल कापून एका पत्र्याच्या पेटीवर चिकटवले होते. काटे आगकाडीचे. जेवणं झाली की बाप काटे फिरवायचा आणि विचारायचा, "आता विमान काय करून राह्यलं, सांग." ती सांगायची. चुकलं तर ती त्यांना समजावून द्यायची. करता करता गावंड्यांनाही सगळे डायल पाठ झाले. एकदा मुलीला सोडायला आले तेव्हा मला म्हणाले, "साहेब, तो व्हीएसआय जरा मागून बोलते, नाही का?" मी चाट पडलो. व्हीएसआयचा काटा जरा उशिरा हलतो, हे आमच्या दोन विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं.

माझ्या तासाला मी एक धमकी मात्र नेहमी द्यायचो. "डायलच्या काचेला बोट लावायचं नाही. डाग पडला तर तुमच्याकडून पुसून घेईन, आणि तडा गेला तर घरी पाठवीन." पोरं हसायची. पण घाबरायचीही.

त्या दिवशी सकाळी मी विमान धुतलं. रुई लावली. अंग पुसायचं बाकी होतं, तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न दिला. नागपूरहून एसटीनं एक जायरो, म्हणजे आत भिंगरी फिरणारा डायल, यायचा होता, त्याचं पार्सल स्टँडवरून आणायचं होतं. चौकीदाराला म्हटलं, तू पुसून घे, आलोच मी. परत येईतो विमान कोरडं, चकाचक. माझं सगळं लक्ष त्या जायरोत, त्याची काच रुईनं पुसत बसलो. इन्स्पेक्शनचा कागद समोर आला, मी रोजच्यासारखी सही ठोकली.

वैशालीचा सोलो होता. एकटीनं उडायचं, धावपट्टीभोवती फेरी मारायची, उतरायचं. चार चांगल्या फेऱ्या झाल्या की पुढच्या टप्प्याचं शिक्षण मिळणार होतं. तिनं विमानाला चक्कर मारली, यादीप्रमाणे एकेक गोष्ट हात लावून बघितली. मी शॉपच्या खिडकीतून पाहत होतो. स्टॅटिक पोर्टापाशी ती वाकलीसुद्धा. पण पांढऱ्यात पांढरं. दिसलं नाही.

आता वर काय झालं असेल ते बघा. धुताना भिजलेली रुई घट्ट बसलेली, आत जमिनीवरची हवा कोंडलेली. विमान वर गेलं तरी अल्टिमीटर जमिनीवरचीच उंची दाखवतोय. व्हीएसआय शून्यावर. आणि एअरस्पीडचा काटा खाली खाली येऊन शून्याला टेकतो, जणू विमान हवेत उभंच आहे. नवा माणूस अशा वेळी घाबरून नाक खाली घालतो आणि संपतो. या पोरीनं घातलं नाही. इंजिनाचा आवाज ऐकला, क्षितिज बघितलं, आणि काटे खोटं बोलताहेत हे ओळखलं.

"नाक क्षितिजावर धर. पॉवर कमी करू नको. फेरी पूर्ण करून ये," चीफ माइकवर सांगत होते. मग माझ्याकडे वळले. "मुळे, काय असेल?"

यावर एक उपाय असतो. व्हीएसआयची काच फोडायची. केबिनमधली हवा त्यातून आत शिरते आणि तिन्ही काटे बऱ्यापैकी खरं बोलायला लागतात. मला तो पाठ होता. एक वाक्य बोलायचं होतं, 'काच फोड.' पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत भोक बुजलंय म्हणून? चीफना मी म्हणालो, "बघावं लागेल."

बघावं लागेल! डोंबल माझं. पोरगी वर, आणि मी खाली असली उत्तरं देतोय.

वेग कळत नसला की पायलट जास्त वेगानं येतो, कारण कमी वेगाला विमान पडतं. तीही तशीच आली. चाकं टेकेपर्यंत अर्धी धावपट्टी संपली होती. ब्रेक लावले, तरी विमान टोकाच्या पुढे गेलं, काळ्या मातीत पुढचं चाक मोडलं आणि पंखा जमिनीत घुसला. आम्ही धावलो. सगळ्यांत पुढे मी होतो. आणि मी आधी कुठे बघितलं? पोरीकडे नाही. भोकाकडे. रुई तिथेच होती.

ती दार उघडून स्वतःच उतरली. कपाळाला खोक पडली होती. मला म्हणाली, "सर, काच फोडाची म्हनून हात उचलला होता. पुस्तकात वाचलं होतं. पन तुमी रागावसान असं वाटलं." मी तिचा हात धरून तिला सावलीत बसवलं. मागे वळतो तो चीफ भोकापाशी वाकलेले, आणि त्यांच्या चिमटीत रुईची वात.

चौकशी त्याच दुपारी आमच्याच खोलीत झाली. त्याआधी चीफनी मला बाजूला घेतलं. "मुळे, तुम्ही काही लावलं नव्हतं ना?" विचारण्याच्या तऱ्हेवरूनच कळत होतं, त्यांना कुठलं उत्तर हवं आहे. चूक मेंटेनन्सची निघाली तर शाळेची परवानगी धोक्यात. चूक विद्यार्थिनीची निघाली तर फक्त विद्यार्थिनी धोक्यात. मी म्हणालो, "नाही सर."

टेबलापलीकडे वैशाली आणि आर्णीहून बोलावून घेतलेले गावंडे बसले होते. तिच्या कपाळाला पट्टी. चीफनी कागद वाचला. हंगामाचे दिवस, रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जातात, हवेत कापूस उडतो, तो पोर्टात अडकला. उड्डाणापूर्वी तपासणं हे पायलटचं काम. विद्यार्थिनीकडून निष्काळजीपणा झाला. प्रशिक्षण थांबवण्यात येत आहे, आणि तशी नोंद तिच्या रेकॉर्डवर जाईल. अशी नोंद असलेल्या मुलीला दुसरा कुठला क्लब घेणार नव्हता, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

गावंडे म्हणाले, "तो कापूस पाहू द्या बरं."

चीफनी पाकिटातून वात काढून दिली. गावंड्यांनी ती उलगडली. अंगठा आणि बोटात धरून तंतू ओढले. जन्मभर तेच केलेला माणूस.

"साहेब, हा कापूस नाही. हे रुई हाये," ते शांतपणे म्हणाले. "गाडीतून उडते त्या कापसात सरकी राह्यते, कचरा राह्यते. हे जिनिंगमधून निंगेल हाये. सरकी काढेल. आन् हवेनं आलेलं असं वळेल नसते. हे कोनंतरी बोटानं वळून बसवलं."

बाहेर विमान ओढून आणायचं काम चाललं होतं, त्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चीफकडे नाही, माझ्याकडे. "मुळे साहेब, तुमी तर इथलेच. तुमाले काही मालूम हाये का? पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये, म्हनून इचारतो."

अहो, किती सोपं होतं. मान हलवायची होती फक्त. माझ्या डोळ्यांपुढे माझी नोकरी आली, पेन्शन आली, कॉलेजात जाणारा मुलगा आला. मी म्हणालो, "नाही हो, मला कल्पना नाही."

वैशाली माझ्याकडे बघत होती. माझ्या शॉपमध्ये तासाला ती रोज बसायची. काचा पुसायची ती पिशवी तिच्या बाकाशेजारीच असायची. तिला कळलं. कळलेलं मी तिच्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता बोलेल, बोलायलाच पाहिजे. ती उठली आणि म्हणाली, "चला बाबा. पाहाचं काम माहंच होतं. मी पाह्यलं नाही."

पायलटनं असंच बोलायचं असतं. खोलीत खरा पायलट कोण होता ते त्या दिवशी ठरलं, आणि त्याच दिवशी तिचं पायलट होणं संपलं.

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. लाज वाटून सोडली असं म्हणायला आवडेल मला. पण शाळाच डबघाईला आली होती. त्यानंतर एकदा आर्णीला गेलो. गावंड्यांचं घर विचारत गेलो. खरेदी केंद्र बंद पडलं होतं, ते घरीच होते. वैशाली एका शाळेत गणित शिकवत होती, सुट्टी होती म्हणून तीही घरी होती. मी सगळं सांगितलं. रुई, जीप, सही, रेडिओवरचं ते गप्प राहणं, सगळं. सांगताना रडलो. रडण्याचा मला काही हक्क नव्हता, पण रडलो.

गावंड्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले त्याच दिवशी समजलं होतं साहेब. तुमच्या बोटाले रुई लागेल होती. मी वाट पाहून राह्यलो होतो, तुमी बोलसान म्हनून. टेबलावर बोलले असते तं कामाचं होतं. आता मले सांगून काय होते? तुमचं मन हलकं होईन. पोरीचं काय होईन?"

मी चीफना पत्र लिहितो म्हणालो. वैशाली म्हणाली, "कोनत्या चीफले सर? तुमची शाळा तं बंद झाली." तिनं चहा आणून माझ्यापुढे ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग तिनं एवढंच विचारलं, "ते विमान रिपेअर झालं काय?"

"झालं," मी म्हणालो. "दुसऱ्या क्लबनं नेलं. उडतं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि वह्या तपासायला आत गेली.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगायचं ते एवढंच. भोक झाकायचं तर लाल प्लगनं झाका, लावाल तेव्हा कागदावर लिहा आणि काढाल तेव्हा त्यावर काट मारा. आणि चूक झाली असेल तर विमान हवेत असतानाच सांगा. ते उतरल्यावर जे सांगता, त्याचा उपयोग फक्त सांगणाऱ्याला असतो, आणि मला तर तेवढाही झाला नाही.