कोपरापर्यंत हात घालून पाहिलेली दुनिया

वडिलांच्या थोरल्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणायचो. त्यांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, स्वतःच्या उजव्या हातावर. चार गावांचा कापूस विकत घेऊन ते अमरावतीच्या बाजारात आणायचे. बोजा समोर आला की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे बघतसुद्धा नसत. बाही सारायची, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि मधली मूठ ओढून काढायची. माती, ओल, सगळी लबाडी पोटात असते. माणसांकडेही ते तसेच पाहत, आता याच्यात हात कुठून घालावा अशा नजरेनं.

तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली होती, तिथला कापूस अडला होता, त्यामुळे इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आणि बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. त्या भरात मोठ्या बाबांनी आपल्या बायकोला, आमच्या मोठ्या आईला, शब्द दिला, दुनियेत कुठंही एकदा नेतो, ठिकाण तू सांग. ती कौंडण्यपूरच्या जत्रेपलीकडे कधी गेलेली नव्हती.

"पाह्यलंच नाई तं निवडू कशी?" ती म्हणाली.

"लवकर सांग. लढाई मिटून राहिली म्हणतात. भाव पडला का माहा शब्द बी पडला समज."

हे ते थट्टेनं बोलत नव्हते. मोठी आई रोज बाजारातली बातमी विचारू लागली.

त्याच आठवड्यात अमरावतीच्या राजापेठेत एक पेटीवाला आला. लाल पेटी, पुढे डोळा लावायला तीन भोकं, आत चित्रं. दोरी ओढली की चित्र बदलायचं. दुनियेतल्या बघण्यालायक सगळ्या जागा आपल्याकडे आहेत, असं तो गात होता. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि मला स्वतःलाच विलायत बघायची खाज होती. दोघांना घेऊन गेलो. तीन भोकांना आम्ही तिघं.

विलायत झाली. इस्तंबूल झालं. मिसरचे टोकदार डोंगर आले. मोठी आई भोकाला डोळा चिकटवून बसली होती.

"तो काया कुत्रा पाह्यला का रे?" मोठ्या बाबांनी मला विचारलं.

पाहिला. काळाकुळकुळीत, एक पाय वर करून उभा होता.

"विलायतेत बी हाच होता. इस्तंबुलात बी. इथं बी आला."

"कुत्ता सैर का शौकीन है, पटेलसाहब," पेटीवाला म्हणाला.

मोठ्या बाबांनी बाही सारली. पुढचं मला दिसत होतं, पण अडवायला वेळ मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मागच्या झडपेतून हात कोपरापर्यंत आत गेला. टर्रकन आवाज झाला. पेटीवाल्यानं कपाळाला हात लावला. "गया मिसर," तो म्हणाला.

हात बाहेर आला तो अगदी तळचं चित्र घेऊन. त्यात वर आभाळ, खाली पाणी. वाडा नाही, मनोरा नाही, कुत्रा नाही.

"हे कावून नाई दाखवलं?"

"उसमें है क्या, साहब? समंदर है. लोग गाली देते हैं."

मोठ्या आईनं ते चित्र मांडीवर घेऊन चुरगळलेली कड सरळ केली. "हे खरं हाये. याच्यात फसवाले जागाच नाई. मले इथं न्या."

"पाणी पाहाले? विहिरीत नाई का पाणी?"

"विहिरीचा काठ दिसते," ती म्हणाली.

 मोठ्या बाबांनी मिसरची भरपाई केली आणि घरी येऊन मुंबईला जायचं ठरवलं.

आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच आली होती. तिथवर बैलगाडीनं गेलो. स्टेशनावर पोचतो तोच बातमी, लढाई मिटली, भाव कोसळला. मोठे बाबा परत आमच्या बैलांकडे बघू लागले. मोठी आई गाठोड्यावर बसून होती. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"पाहून राहिली मी," ती म्हणाली. "तुमचा शब्द वरून तं लय पांढरा होता. आत काय निघते ते पाह्यचं हाये."

मोठ्या बाबांनी तिचं गाठोडं उचललं आणि सगळ्यांच्या आधी डब्यात चढले.

मुंबईला मोठी आई पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, ती दुपार कलेपर्यंत तिथून हललीच नाही. मोठे बाबा जरा वेळ बाजूला उभे होते. मग बाही सारून वाकले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळचं चूळभर पाणी काढून चाखलं.

"आतून बी खारंच हाये," ते मला म्हणाले, आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.