एकानं बदला, दुसऱ्यानं गप बसा

आता तुमच्यापासून काय लपवायचं, चहा घेता घेता सांगूनच टाकतो. मी आणि माझी थोरली बहीण, दोघंही चांगले शिकलेले. आक्का तर शाळेतून मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली. पण एका सकाळी आम्ही दोघांनी मिळून जो घोळ घातला, तो अडाणी माणसाला जमला नसता.

वडगावात आमचे माग आहेत. साड्यांची डिझाइनं माझी बायको, मंगल, कॉम्प्युटरवर काढायची. ती गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटर मागाच्या खोलीत तसाच राहिला. आमच्या लेकीच्या, आशूच्या लग्नातल्या साडीचा काठ तिनं सगळ्यात शेवटी काढला होता. तो त्यातच. जुन्याला पेन ड्राइव्ह चालेना. काठ नव्या कॉम्प्युटरवर आल्याशिवाय माग मांडता येईना, आणि लग्न तोंडावर आलेलं.

आशूनं बेंगळुरूहून फोनवर सांगितलं, "आप्पा, दोन्ही वायरनं जोडलेत, पण दोन्हीच्या वर्कग्रुपचं, म्हणजे गटाचं, नाव एकच पाहिजे. ती कमांडची काळी खिडकी उघडा आणि 'नेट कॉन्फिग वर्कस्टेशन' टाइप करा. 'वर्कस्टेशन डोमेन'च्या पुढं जे येईल, ते नाव."

मी पुढच्या खोलीत नव्यावर, आक्का मागाच्या खोलीत जुन्यावर, आणि फोनवर तिघं एकत्रच. माझ्याकडं नाव निघालं 'वर्कग्रुप'. कंपनीनं दिलेलं, कोरडं. मी फोनवरच आक्काला हाक मारली.

"आक्का, काय आलं गं?"

"मंगल आलंय रं."

बायकोनं तेव्हा स्वतःचंच नाव घालून ठेवलं होतं.

"दोन्हीतलं एक बदला," एवढं सांगून आशू मीटिंगला गेली. कुणी बदलायचं, ते राहिलंच.

मी विचार केला, तिचं नाव कशाला पुसायचं? नव्यावर 'मंगल' घातलं आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तिकडं आक्कानं विचार केला, नाव समोर आलं की भाऊ हळवा होईल. तिनं जुन्यावर 'वर्कग्रुप' घातलं.

पुन्हा काळी खिडकी. माझ्याकडं मंगल, आक्काकडं वर्कग्रुप.

"तू कशाला बदललंस?"

"तुझ्यासाठीच की. थांब, परत घालते."

"नको, तुझं ऱ्हाऊ दे, मीच..."

तेवढ्यात विणकरानं शेजारचा माग सुरू केला. त्या खडखडाटात माझं पुढचं बोलणं तिला ऐकू गेलं नाही, तिचं मला. दोघांनीही आपापलं बदललं. आशूचा फोन आला तेव्हा आम्ही जिथून निघालो होतो, तिथंच येऊन पोचलो होतो.

"आप्पा, आत्या, नीट ऐका. एकानं बदला. दुसऱ्यानं हात बांधून गप बसा."

हे मला पटलं. मी हात बांधून बसलो. आक्का समजूतदार आहे, ती बदलेलच. माग थांबला, चहाची वेळ होऊन गेली, तरी तिकडून निरोप नाही. शेवटी उठून मागाच्या खोलीत गेलो.

आक्का हात बांधून बसलेली.

"अगं, तू का बसलीस?"

"पोरगी म्हणली न्हवं, दुसऱ्यानं गप बसा? मी थोरली असून दुसरी झाले, आणि तूबी बसलास व्हय?"

विणकर दारातूनच म्हणाला, "मालक, काठ आज येतोय का मी जेवून येऊ?"

मग आक्काला पुढच्या खोलीत नेलं, माझ्या पाठीशी हात बांधून उभी केली आणि नव्यावर 'मंगल' घातलं. काठ आला. कोयऱ्या, आणि मधे बारीक जाईच्या कळ्या. आशूला फोटो पाठवला.

साडी आता मागावर आहे. कॉम्प्युटरचं तसं काही काम उरलेलं नाही. तरी रोज सकाळी मी ती काळी खिडकी उघडतो, तेच शब्द टाइप करतो आणि एक ओळ बघून बंद करतो. परवा आक्कानं पकडलं.

"काय बघतोयस रं?"

"नेटवर्क नीट आहे का, ते."

"व्हय, व्हय. मंगल हाका मारून दमायची, तर 'आलो, आलो' म्हणत जागचा हलत न्हवतास. आता रोज सकाळी तू हाक मारतोस, आणि ती बघ, लगेच ओ देतीय."