आठ वाजताचा पडदा

अॅरिझोनातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला जायचं, असं ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात होतं, तरी मी संयम ठेवला, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. जर्सी सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये आमची पंचवीस वर्षं गेली होती. ह्यांचे गुडघे थंडीत धरायचे, छातीत घरघर व्हायची, आणि डॉक्टरांनी कोरड्या हवेत जा म्हणून सांगितलं होतं. इथवर मला मान्य होतं. पण जिथे पन्नाशीच्या आतल्या माणसाला कायमचं राहताच येत नाही आणि लहान मूल पाहुणं म्हणूनच येऊ शकतं, तिथे?

"ही तर पांजरपोळ झाली," मी म्हटलं. "भाकड गुरं एका जागी नेऊन बांधायची."

"गुरांना पोहायचा तलाव आहे म्हणे तिथे," हे म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

पोचलो तो ऑगस्ट होता. गाडीचं दार उघडलं आणि तोंडावर भट्टीसारखी झळ आली. घरांपुढे गवत नाहीच, खडी पसरलेली, आणि त्या खडीला चक्क हिरवा रंग दिलेला! मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ते सामान काढायला मागे पळाले.

पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरात माझे शब्द मलाच गिळावे लागले. आपल्याकडे साठी उलटली की माणूस पैलतीराकडे डोळे लावून बसतो. "आता काय राहिलंय आमचं," हे पालुपद. इथे कुणाला तेवढा वेळच नव्हता! सत्तरीच्या बायका टोप्या घालून सॉफ्टबॉल खेळायच्या आणि आउट दिलं की पंचाशी कडाकडा भांडायच्या. सुतारकामाची एक मोठी शाळा होती, तिथे एक निवृत्त न्यायाधीश दिवसभर इस्पितळातल्या मुलांसाठी लाकडी हत्ती करत बसायचा. जन्मभर लोकांना तुरुंगात पाठवत आलेला माणूस, हत्तीची सोंड जमली की मला रस्त्यात थांबवून दाखवायचा. आणि आमच्या शेजारणीचं तर काय सांगू! एक्क्याऐंशी वर्षांची, चाळीस वर्षं नर्स म्हणून राबलेली, काठीसारखी सरळ. तीन चाकांच्या सायकलवरून गावभर हिंडायची आणि वाटेत कुणाचा पाय सुजलाय, कुणी गोळ्या घेतल्या नाहीत, सगळं बघून यायची. मी तिच्याइतकं शिस्तीचं माणूस आजवर पाहिलेलं नाही, आणि मी शाळामास्तरांच्या घरात वाढलेय.

उन्हाचं म्हणाल तर त्याच्याशीही माझं जमलं. कुरडया सकाळी घालाव्या आणि जेवणं आटपेपर्यंत कडकडीत वाळलेल्या. शेजारणीला वाटलं मी लेस विणून वाळत घातलीय. तिने मला कलाप्रदर्शनाचा फॉर्म आणून दिला. मी तिला एक तळून दिली. ती फुललेली बघून बाई इतकी हरखली की दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणींना घेऊन आली.

बासष्टाव्या वर्षी तिनेच मला पोहायला लावलं. झालर असलेला पोहण्याचा पोशाख विकत आणला आणि आरशासमोर उभी राहून मी स्वतःलाच म्हटलं, अगं बाई, हे काय ध्यान! आख्ख्या जन्मात माझी पोटरी उजेडात आली नव्हती. पण तलावावर सगळ्यांच्याच पोटऱ्या माझ्यासारख्या. कुणी ढुंकून बघितलं नाही.

आता पडद्याची गोष्ट. आमच्या गल्लीत एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण कुणी मोडत नसे. सकाळी आठच्या आत स्वयंपाकघराचा रस्त्यावरचा पडदा उघडायचा. आठला शेजारीण सायकलवरून फेरी मारायची. पडदा बंद दिसला की दार वाजवायचं, उत्तर आलं नाही की सरळ किल्लीने उघडून आत जायचं. त्यासाठी प्रत्येकाची एक किल्ली तिच्याकडे. तिने माझ्याकडे किल्ली मागितली तेव्हा माझं डोकंच फिरलं. चार दिवसांच्या ओळखीच्या बाईला घराची किल्ली द्यायची? माझी झोप, माझा पडदा! मी दिली नाही. पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरचे एक गृहस्थ न्हाणीघरात घसरले. मांडीचं हाड मोडलेलं, हाक मारायची ताकद नव्हती. सव्वा आठला शेजारीण त्यांच्या उशाशी होती. त्याच दुपारी मी मुकाट्याने किल्ली नेऊन दिली. तिने किल्लीला माझ्या घराचा नंबर बांधला.

दुसऱ्या वर्षी हे गेले. झोपेतच गेले, मी शेजारी होते. तेव्हा या माणसांनी मला जे सांभाळलं ते सख्ख्यांनीही केलं नसतं. न्यायाधीशाने पंधरा दिवस माझा कचरा बाहेर नेला. शेजारीण रोज संध्याकाळी यायची, माझ्याशेजारी बसून स्वेटर विणायची.

मुलगा मात्र हट्टाला पेटला. चाळिशीचा, उत्तरेकडच्या बर्फाळ शॉमबर्गला मोठ्या कंपनीत नोकरी, एकटाच. वर्षभरापूर्वी त्याचा घटस्फोट झाला होता. त्याबद्दल तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा रागच होता, एवढी गुणी पोरगी हातची घालवली म्हणून. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच. "आई, घर सेल कर. माझ्याकडे ये. तू पडलीस, तुला काही झालं, तर कुणाला कळणार?"

"मी काही पडत नाही," मी म्हणायची, आणि आमचं जुंपायचं.

शेवटी आठ दिवसांची रजा काढून तो आलाच. घर विकून मला घेऊनच जायचं ठरवून. शुक्रवारी अकरा वाजता घरं विकणारा दलाल येणार होता. आठवडाभर आम्ही भांडलो. मी म्हटलं, या गल्लीत मला आपलं माणूस म्हणून ओळखतात, तुझ्या फ्लॅटमध्ये मी खिडकीशी बसून बर्फ मोजू का? तो म्हणाला, तू इमोशनल होतेस. मी म्हटलं, बापाचं घर विकताना तूही जरा हो. पण रात्री अंथरुणावर पडलं की माझा धीर सुटायचा. कागदांवर ह्यांनी त्याचंही नाव घातलं होतं. त्याने खरंच ताणून धरलं असतं तर मी किती लढणार होते?

पडद्याचं मी त्याला सांगितलंच नाही. मुद्दाम. सांगितलं असतं तर म्हणाला असता, बघ, इतकं डेंजरस आहे इथे की रोज जिवंत आहेस का ते चेक करावं लागतं. माझी शहाणपणाची कल्पना!

शुक्रवारी पहाटे नेहमीप्रमाणे उठले, पडदा उघडला, चहा घेतला आणि साडेसहाला पोहायला गेले. तो झोपला होता. म्हटलं, दलाल आला तर येऊ दे, मी ओल्या केसांनी त्याला हाकलेन.

सव्वा आठच्या सुमारास मी पाण्यात असताना काठावर न्यायाधीश धावत आला. हातात सुताराची लाकडी मोगरी तशीच.

"तुझा पडदा बंद आहे!"

"अहो, मी इथे आहे ना!"

"तू इथे आहेस. घरात तुझा मुलगा आहे. चल लवकर."

चाळीस म्हणजे हृदयविकाराचं वयच! टॉवेल गुंडाळला, अनवाणीच त्याच्या गोल्फच्या गाडीत बसले. ती गाडी बैलगाडीच्या वेगाने चाललेली, आणि मी सगळ्या रस्त्याने सगळ्या देवांना हाका मारतेय, मराठीतून, मोठ्याने. न्यायाधीश बिचारा माझ्याकडे न बघता स्टिअरिंग धरून बसला होता.

घरात शिरले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मुलगा बसलेला. चेहरा रडून सुजलेला. शेजारीण त्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होती.

"नाडी चांगली आहे," ती मला म्हणाली. "रडतोय. बराच वेळ रडत असावा."

मुलाने मान वर केली. जन्मात पहिल्यांदा त्याने आईला झालरीच्या पोहण्याच्या पोशाखात, पाणी गळताना पाहिलं. रडता रडता त्याला हसूच फुटलं.

शेजारणीने त्याचा हात टेबलावर ठेवला, किल्ली परत खिशात टाकली. "तू ठणठणीत आहेस," ती म्हणाली. "आता याच्याकडे बघ." आणि न्यायाधीशाला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.

"पडदा का ओढलास रे?" मी विचारलं.

"रस्त्यावरून दिसत होतं. कुणी बघायला नको म्हणून. पडदा ओढला की कुणी येत नाही ना, आई."

"इथे उलटं असतं."

त्याने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "मागच्या विंटरमध्ये मी चार दिवस तापाने पडलो होतो. उठताही येत नव्हतं. पाचव्या दिवशी ऑफिसमधून फोन आला, रिपोर्ट कुठाय विचारायला. आणि इथे दहा मिनिटांत ही बाई किल्ली घेऊन उभी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू फोनवर होतीस की त्या संडेला. मी फाइन म्हणालो. मग तू घरावरून भांडलीस, आणि ठेवलास."

मला तो रविवार आठवला. त्याचा आवाज बसलेला होता, आणि मला वाटलं होतं, खोटं बोलतोय म्हणून घसा खाकरतोय. मनातून मी खूशही झाले होते, आज आपण जिंकलो म्हणून.

"तुझी काळजी होती ना गं," तो म्हणाला, "पण खरं सांगू? तू आलीस तर घरात कुणीतरी असेल, असं वाटत होतं मला. घरी गेल्यावर लाइट लागलेला असेल."

म्हणजे हा मला सांभाळायला न्यायला आलाच नव्हता, त्यालाच सोबत हवी होती. आणि मी आठ दिवस घराचं दार अडवून, कंबर कसून उभी होते, कुणाविरुद्ध? माझी मलाच शरम वाटली. गल्लीतल्या सोळा म्हाताऱ्यांचे पडदे मी येता-जाता बघत होते, आणि पोटच्या पोराला वर्षभर साधं विचारलं नव्हतं.

त्याने उठून फोन फिरवला. "ती अकराची अपॉइंटमेंट कॅन्सल करा," दलालाला इंग्रजीत सांगून ठेवला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच, लहानपणी शाळेतून उशिरा आल्यावर बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "आई, मी राहू का गं इथे? थोडे दिवस?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "पन्नाशीच्या आतल्या पाहुण्याला तीनच आठवडे राहू देतात." नियम सांगितला! जीभ झडो माझी.

तो आपल्या खोलीकडे वळला. मग मी तशीच ओल्या अंगाने पुढे झाले, त्या एवढ्या मोठ्या बाप्याला छातीशी धरलं आणि म्हटलं, "मेल्या, विचारतोस काय! बस इथे. आणि आता सांग मला, कसा आहेस रे?"