नळवाले काका आणि पिवळा पाहुणा

दातांच्या दवाखान्यात काका पहिल्यांदा गेले ते गळका पाइप बघायला. बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची सहा फुटी काचेची टाकी होती आणि तिच्या खालच्या कपाटातून पाणी ठिबकत होतं. काकांनी जोड बदलला, हात पुसले आणि माशांकडे बघत जे उभे राहिले ते अर्धा तास. त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हापासून टाकी त्यांच्याच हवाली. गावभर सगळे त्यांना नळवाले काकाच म्हणत. औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं ते बोट ठेवून वाचत, आणि एखादा शब्द अडला तर लाज न बाळगता डॉक्टरीणबाईंना विचारत.

एका शनिवारी डॉक्टरीणबाईच प्लास्टिकच्या पिशवीत मासा घेऊन आल्या. पिवळाधमक, तळहाताएवढा.

"काका, सोडा टाकीत. सोमवारी येणारी मुलं खूश होतील. दुकानदार म्हणाला, लगेच सोडला तरी चालतो."

काकांनी पिशवी उजेडात धरली. "त्याचं चालेल हो. तो विकून मोकळा झाला. याच्या अंगातून काय आलंय ते आपल्याला ठाऊक नाही. आत अकरा जीव आहेत, डॉक्टर. याला मी महिनाभर घरी ठेवतो."

"महिनाभर?"

"निदान."

बाईंचा चेहरा उतरला. काकांनी मोठ्या टाकीखालच्या गाळणीच्या कप्प्यातून एक स्पंज उचलला. असा एक स्पंज ते तिथे बुडवूनच ठेवत. मुरलेला स्पंज असला की नव्या टाकीतलं पाणी लवकर नासत नाही.

घरात छोटी टाकी ठेवायला जागा एकच होती, काकूंच्या शिलाई मशीनशेजारी. काकू दिवसभर ब्लाउज शिवत. त्यांनी कापडाचे गठ्ठे सरकवले, पण ऐकवायचं ते ऐकवलंच. "माझं गुडघ्याचं दुखणं तुम्हाला कधी इतकं दिसलं नाही."

"तुझा गुडघा बोलतो गं. हा मुका आहे."

काका सकाळ-संध्याकाळ पाण्याचा खारटपणा मोजायचे, वहीत लिहायचे आणि कामावर जायचे. मासा चांगला खात होता. आठव्या दिवशी काकांनाही वाटलं, आपण उगाच ताणतोय का? डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता.

नवव्या दिवशी काकू सुईत दोरा ओवत होत्या. डोळा बारीक केलेलाच होता, तसंच त्यांनी टाकीकडे पाहिलं.

"अहो, याच्या शेपटीवर मीठ सांडल्यासारखं काय आहे?"

काकांनी चष्मा चढवला. पांढरे ठिपके, मोजून पाच. हाच रोग मोठ्या टाकीत शिरला असता तर आठवड्याभरात हाहाकार उडाला असता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. ठिपक्यांचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही माझं ऐकलं नाहीत."

तांब्याचं औषध सुरू झालं. कमी पडलं तर रोग हटत नाही, जास्त झालं तर मासाच जातो. काका रोज थेंब टाकून पाणी तपासायचे. इथली जाळी, इथली बादली मोठ्या टाकीकडे न्यायची नाही असा त्यांचा दंडक होता, कारण तिथल्या कोळंब्यांना या औषधाचा थेंबही सोसला नसता. काका कामात अडकले की काकू खाणं घालायच्या. पुढेपुढे तर त्या कापड बेतताना माशाला विचारायच्या, "बाही किती ठेवू रे?"

ठिपके गेले. त्यानंतर महिनाभर औषध, मग साध्या खाऱ्या पाण्यात आणखी दोन आठवडे देखरेख. एकूण आठ आठवड्यांनी काका मासा घेऊन दवाखान्यात निघाले. काकूही मशीन झाकून बरोबर निघाल्या.

तिथे खरी अडचण होती मुकादमाची. मुकादम म्हणजे बोटाएवढा काळानिळा मासा. अंगाने लहान, पण अर्धी टाकी आपल्या बापाची असल्यासारखा वागायचा. म्हणून आदल्या दिवशीच काकांनी आतले दगड हलवून ठेवले होते. सगळ्यांचीच घरं मोडली की कुणी कुणाला हाकलायला मोकळं राहत नाही. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून बारीक नळीला गाठ मारून त्यांनी टाकीतलं पाणी थेंबथेंब माशाच्या कोऱ्या बादलीत सोडलं. तासभर. नळाची धार आवरण्यात उभा जन्म गेला होता त्यांचा. मग आतल्या माशांना पोटभर खायला घातलं, दिवे मालवले आणि पिवळ्याला अलगद सोडलं.

दुसऱ्या दिवशी पिवळा कोपऱ्यात दडला होता आणि त्याचा एक पर फाटला होता. दगड हलवूनही मुकादमाचा माज काही उतरला नव्हता.

"नव्याला बाहेर काढायचं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांनी मान हलवली. "त्याने काय केलंय? जो मारतो त्याला उचलू."

बाह्या सरसावून त्यांनी जाळी घातली. मुकादमाने पाऊण तास घाम काढला, पण सापडला. भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून काकांनी त्याला टाकीतच टांगलं. चार दिवस तो डब्यावर तोंड आपटत राहिला आणि पिवळा त्याच्या डोळ्यांदेखत दगडांवरचं शेवाळ खात सगळीकडे फिरला. पाचव्या दिवशी मुकादमाला सोडलं. तो दबकत बाहेर आला, एकदा पिवळ्याच्या अंगावर धावून गेला, पिवळा जागचा हलला नाही, तेव्हा निमूट एका दगडाच्या फटीत शिरला. काका दुपारपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसले. भांडण पुन्हा झालं नाही.

पंधरवड्याने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एक तांबडा आणू या का?"

"नको डॉक्टर. टाकी भरली आता."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी स्वागतकक्षातल्या मुलीला सांगून ठेवलं, की टाकीबद्दल कुणी काही म्हटलं तर आधी काकांना विचारायचं, मग मला. काका तोवर पिशवी खांद्याला लावून निघालेही होते. पलीकडच्या गल्लीत कुणाचं तरी सिंक तुंबलं होतं.