व्हॉल्व्हवरचा टॉवेल

कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी विचारायचो, "रीडिंग घेतलं होतंस का?" ... माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आज माझ्याकडेच रीडिंग नाही.

सांगलीतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी गॅस हायड्रेटवर काम करतो. थंडीत आणि दाबाखाली पाणी वायूला आपल्यात कोंडून घेतं, त्याचे बर्फासारखे खडे होतात — ते हायड्रेट. द्राक्षाच्या रसातलं पाणी असं खड्यांत धरून काढलं, की रस न उकळता घट्ट होतो. धोका एकच. खडा नळीत अडकला की दाबमापकाचा काटा शून्य दाखवतो, पण खड्यामागं दाब तसाच असतो. एका बाजूनं उघडलं तर खडा गोळीसारखा सुटतो.

आमचे लॅब असिस्टंट तात्या, तासगावकडचे, फौजेतून आलेले. गावी विहिरीत मोटार दुरुस्तीला उतरणारा माणूस कुणी मोटार चालू करू नये म्हणून वर स्टार्टरच्या पेटीला आपला टॉवेल बांधून जातो. तात्या नळीला हात लावण्याआधी व्हॉल्व्हला तसाच टॉवेल बांधायचे, फौजी गाठ मारून. "आवं सर, काटा खोटं बोलतुय. जेनं बांधला त्येनंच सोडायचा."

दोन वर्षांपूर्वी मला रीडिंगची घाई होती. तात्या चहाला गेलेत असं समजून मी टॉवेल सोडला, व्हॉल्व्ह फिरवला. ते यंत्रामागं वाकून नळी पुसत होते. खडा सुटला, त्यांचा उजवा डोळा गेला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं — सहायकाने स्वतः व्हॉल्व्ह उघडला. दवाखान्यात ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. तुमची नोकरी नवी हाय." मी राहू दिलं. त्याची लाज अजून वाटते.

तात्या निवृत्त होऊन गावी गेले. गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेदहाला लॅबमध्ये आलो. आदल्या संध्याकाळी कुलूप मीच लावलं होतं. आता दार उघडं होतं, पण आत कुणी दिसेना. काटा शून्यावर. व्हॉल्व्हकडे हात नेला, तर त्यावर टॉवेल... तीच फौजी गाठ.

"हा कोणी बांधला?" मी मोठ्यानं विचारलं.

"काय बांधलं, सर?" यंत्रामागून सहकारी वैशाली मॅडम उठून उभ्या राहिल्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. त्या वाकून नळी पुसत होत्या, त्याच जागी. टॉवेल त्यांनीही तेव्हाच पाहिला.

टॉवेल तसाच ठेवून, दोन्ही टोकांच्या दुसऱ्या व्हॉल्व्हनी हळूहळू दाब उतरवला. खड्यामागं तो भरपूर होता.

मग तात्यांच्या घरी फोन लावला. सूनबाई म्हणाल्या, "तात्या काल सांजंला गेलं, सर. आत्ताच समदं उरकून आलोय."

टॉवेल कुठून आला, मला सांगता येत नाही. मॅडमनाही नाही. परवा मी प्राचार्यांना तो जुना रिपोर्ट खोटा असल्याचं लिहून दिलं. आता नोकरीचं काय व्हायचं ते होईल. यंत्र बंद आहे. शिपाई विचारत होता, टॉवेल काढून धुवायला टाकू का. मी नको म्हणालो — एकदा मी तो सोडलाय.