माती नसलेली सहा पानं

वही हातात आली की काका ती आधी नाकाशी नेत. मग अंगठ्यानं पान चोळत आणि जाहीर करत, "या दिवशी भुरभुर होती." किंवा, "इथं कोणीतरी सूप सांडलंय. टोमॅटोचं." आम्ही उन्हाळाभर उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर शेवाळात लोळून आलेलो असायचो आणि आमची हवा, आमचं जेवण आणि आमचे रुसवेफुगवे हा माणूस तळघरात बसून वहीवरून सांगायचा.

इंग्लंडातल्या मिडलंड्समधल्या एका विद्यापीठात ते टेक्निशियन होते. दोन हजार सालानंतरची ती पहिलीच वर्षं. मी पुण्याहून पीएचडीला गेलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं तर म्हणाले, "सर वर बसतात. मी काका." स्वतः कोल्हापूरचे एमएस्सी, तेही बॉटनीत. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मागोमाग आले आणि त्या डिग्रीच्या जोरावर त्यांना काचेची भांडी विसळायचं काम मिळालं. पुढे बढती होऊन शेवाळ निवडायचं आणि आमच्या वह्यांतले आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं काम आलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. परदेशातल्या मोठ्या इमारतीच्या तळघरात एखादं तरी असतंच, आणि वरच्या मजल्यावरचे लोक त्याला ख्रिसमसला चॉकलेटचा डबा देतात.

आमचं काम ऐकायला भारी आणि करायला कंटाळवाणं. जमिनीवर मीटरभर लांबीरुंदीची चौकट ठेवायची. तिच्यात दोऱ्यांची जाळी. जिथे दोरे एकमेकांना छेदतात तिथून एक सुई खाली सोडायची आणि ती ज्या झाडाला लागेल त्याचं नाव लिहायचं. झाड म्हणजे काय, तर करंगळीएवढं विलोचं झुडूप, नाहीतर दगडाला चिकटलेलं जांभळं फूल. दरवर्षी त्याच जागा, त्याच चौकटी. ऊब वाढते आहे तशी कोण पसरतंय आणि कोण हटतंय, ते त्यावरून कळायचं.

काकांचा यावर एकच उपदेश असे. "दिसलं ते लिही, असेल ते नको."

अकरा वर्षं ते त्या झाडांची नावं टाइप करत होते, पण एकही झाड त्यांनी उभं पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे यायची ती वाळलेली, पाकिटातली. निवृत्तीला एकच वर्ष उरलं तेव्हा प्रोफेसरांनी, बहुधा चांगल्या मूडमध्ये, त्यांना पुढच्या जुलैत न्यायचं कबूल केलं.

मग काय विचारता! काकांनी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून चढाईचे बूट आणले आणि पाय सरावावेत म्हणून तळघरात घालून फिरायला लागले. वरच्या मजल्यापर्यंत धाडधाड ऐकू यायचं. अस्वलांसाठी रायफल चालवायचं ट्रेनिंग लागतं, तेही घेऊन आले. "आयुष्यात डासापलीकडे काही मारलं नाही गं, आणि त्या इन्स्ट्रक्टरनं मला व्हेरी स्टेडी म्हटलं!" डॉक्टरकडून फिटनेसचा फॉर्म भरून आणला आणि तो दारावर चिकटवला. काकू त्यांच्यासाठी कानटोपी विणत होत्या. तिचा रंग काय असावा यावर त्यांनी माझं मत दोनदा घेतलं.

आता माझी गोष्ट. काकांना न्यायचं कबूल झालं त्याच उन्हाळ्याच्या शेवटी बेटावर माझ्या सहा चौकटी मोजायच्या राहिल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या. धुकं, वर बर्फाची बारीक झोड. माझ्या जोडीदाराला ताप भरलेला, आणि अस्वलांमुळे एकट्यानं जायचं नाही असा नियम. मी जागा रिकाम्या ठेवल्या असत्या तर मला कोणी फासावर दिलं नसतं. पण मी हुशार विद्यार्थिनी होते आणि हुशार विद्यार्थिनीला रिकामी जागा सहन होत नाही. झोपडीत हीटरशी बसून मी मागच्या वर्षीचे आकडे समोर घेतले आणि थोडे इकडेतिकडे करून सहा पानं भरली. शेवाळ काय पळून जातंय, असं स्वतःला सांगितलं.

ऑक्टोबरात काकांनी फोन केला. "जरा खाली येतेस?"

टेबलावर माझी वही उघडी होती. ते अंगठ्यानं एकेक पान चोळत होते. मग म्हणाले, "या सहा पानांना माती नाही."

"मी नंतर स्वच्छ उतरवून काढली, काका."

"मग मूळची पानं?"

"टाकून दिली."

त्यांनी वही मिटली. "हे आकडे मी नाही टाकणार. जागा रिकाम्या ठेवतो. आणि सरांना मी काही सांगणार नाही, तूच सांग. तू सांगितलंस की ती चूक राहील. मी सांगितलं तर चोरी होईल."

मी "हो" म्हटलं. खरंच सांगणार होते. मग नोव्हेंबर गेला, ख्रिसमस गेला. काका भेटले की बुटांबद्दल बोलायचे, वहीबद्दल कधीच नाही. त्यांच्या या सभ्यपणाचा मला राग यायला लागला होता.

फेब्रुवारीत पैसे देणाऱ्या संस्थेला अहवाल जायचा होता. प्रोफेसरांना तक्त्यात सहा रिकाम्या ओळी दिसल्या. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि विचारलं, "हे आकडे कुठे आहेत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीकडे मास्तर पाहतात तसं पाहिलं.

मी म्हटलं, "मी वही पूर्ण भरून यांच्याकडे दिली होती."

यात एक शब्द खोटा नव्हता. इतकं सफाईदार वाक्य मी थीसिसमध्येही लिहिलेलं नाही.

मग काका म्हणाले, "हो. वही आली होती. माझ्याकडून राहून गेलं."

प्रोफेसर आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की उबदार खोलीत ज्याच्याकडून सहा ओळी राहतात, त्याच्यावर तिकडच्या थंडीत भरवसा ठेवणं कठीण आहे; जुलैचं आपण पुन्हा पाहू. त्याच दुपारी मी स्वतः तळघरात बसून वहीतल्या त्या सहा पानांचे आकडे टाइप केले. काका शेजारच्या टेबलावर शेवाळ निवडत होते.

निघताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "तिकिटं मार्चअखेरीला काढतात," ते म्हणाले. "अजून वेळ आहे."

ते मला वेळ देत होते! त्यांच्या जागी मी असते तर माझं नाव नोटीसबोर्डावर लावलं असतं. मार्चअखेर आली आणि गेली. तिकिटं निघाली; त्यांच्या जागी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. तळघरातली धाडधाड बंद झाली. कोणी विचारलं तर काका सांगत, "माझे गुडघे बरे नाहीत." आम्ही बेटावर असताना ते निवृत्त झाले.

त्या उन्हाळ्यात मी त्या सहा चौकटी पोटावर पडून, इमानेइतबारे मोजल्या. माझ्या खोट्या आकड्यांशी त्या जुळेनात. मधल्या एका वर्षात झाडांनी जणू उडी मारली होती. त्या उडीचं मी एक कारणही शोधून काढलं, आणि ते सगळ्यांना पटलं. आज मी विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे नोंद कशी करावी ते शिकवते. पगार बरा आहे.

त्या उन्हाळ्यानंतर चार वर्षांनी काका गेल्याचं मला कळलं. काकू लंडनमध्ये हॅरोला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत फोटो, हार, उदबत्ती. काकू मला आत घेऊन बसल्या आणि इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "एक विचारू का गं? यांचं तिकडे जायचं का रद्द झालं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गुडघे तर चांगले होते. शेवटी हॉस्पिटलातही मी विचारलं. तर म्हणाले, आमच्याकडची ती पुण्याची मुलगी आहे ना, ती येईल कधीतरी, तिला विचार. ती सांगेल तुला."

आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"नाही हो काकू," मी म्हटलं. "मला काहीच माहीत नाही."

"हो गं, तुला तरी कसं माहीत असणार," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.