प्लगच्या तारांना बांधलेला नाडा

"लुगडं फाडीसन मोटर चालाडशी का, मिस्तरी?"

शेठ समोर उभे राहून हसत होते. मी तांब्याच्या तारेला सुती पट्टी गुंडाळत होतो. मला काही हसू येत नव्हतं. रबरी वायर कुठे मिळत होती? सगळं रबर लढाईने गिळलं होतं.

शहाद्याहून तापीच्या काठापर्यंत शेठांची पॅसेंजर मोटर चालायची. पुढे लोक नावेने पलीकडे जात. पेट्रोल रेशनवर गेलं तशी शेठांनी मोटरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळसा धुमसला की गॅस होतो, आणि त्या गॅसवर इंजिन चालतं. पण हा गॅस मोठा आळशी. पेट्रोलसारखा चटकन पेटत नाही, त्याला ठिणगी जोरदार लागते. म्हणून मी ठिणगी पाडणारा जुना मॅग्नेटो काढून बॅटरी आणि कॉइल बसवली. ठिणगी जोरात पडू लागली आणि जुन्या प्लगवायरींनी माना टाकल्या.

प्लगवायर म्हणजे काय, तर इंजिनातल्या प्लगपर्यंत करंट नेणारी तार. आमच्या इंजिनाला सिलिंडर चार, म्हणून तारा चार. वरचं रबर तडकलं की करंट वाटेतच बाहेर उडी मारतो आणि प्लग कोरडा राहतो.

मग वायरी घरीच केल्या. तांब्याच्या बारीक तारा पिळल्या, त्यांवर सुती पट्टी, पट्टीवर लाख. डोंगरातले लोक बाजाराला लाख आणायचे, सुतार तीच स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात. एक थर, ऊन, पुन्हा पट्टी, पुन्हा लाख. वायर बोटाएवढी जाड झाली तेव्हा मोटर चालू करून बघितली. भर दुपारी डोक्यावरून घोंगडी घेऊन बॉनेटमध्ये वाकलो, कारण गळणारा करंट अंधारातच निळा दिसतो. बाहेर लोक हसत होते. हसू देत! आत एकही निळा ठिपका दिसला नाही.

पण सूत ते सूत. ओलं झालं की संपलं. आणि चारही तारा एकमेकींपासून सुट्या राहायला हव्यात, नाहीतर एकीचा करंट दुसरीत शिरतो. त्यासाठी मी सागाच्या पट्टीला खाचा पाडून प्रत्येक तार वेगळी बसवली. ड्रायव्हर लोटनला समजावलं. तो कळसाडीचा, शहाणा गडी. शेठांनाही बजावलं.

"शेठ, या तारास्ले पानी नको लागू देवा. आनि एकमेकीस्ले भिडू नका देवा."

"हा रे बाबा, हा!"

खांडेनवमीला मी घरी, नंदुरबारला होतो. माझा पाना नि पक्कड पाटावर मांडून मीही हळद-कुंकू वाहिलं. पूजेवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो.

दसऱ्याच्या सकाळी परत आलो तर मोटरीला झेंडूच्या माळा, पॅसेंजर बसलेले, शेठ पुढच्या सीटवर. लोटनने इंजिन चालू करायला पुढून हँडल लावलं होतं.

"जोर लाव लोटन, मुहूर्त टळी ऱ्हायना!"

बॉनेटच्या फटीतून लाल धागा लोंबत होता. मी ओरडलो, "लोटन, थांब!" तोवर त्याने हँडल फिरवलं होतं. आत फट् झालं आणि हँडल उलटं आलं. याला आम्ही बॅक मारणं म्हणतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरायचं, हा नियम लोटन कधी चुकला नाही. तरी उजवा हात मनगटाच्या वर मोडला. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

बॉनेट उघडलं. माझी सागाची पट्टी बाजूला फेकलेली. चारही तारा वेणीसारख्या गुंफून त्यांना पूजेचा नाडा बांधलेला, वर कुंकू, आणि फोडलेल्या नारळाचं पाणी सुतात मुरलेलं. राबणाऱ्या वस्तूला नाडा बांधायचा ही आपली रीत. शेठांनी स्वतःच्या हाताने बांधला होता. एकीचा करंट दुसरीत गेला, चुकीच्या सिलिंडरमध्ये अवेळी भडका उडाला आणि इंजिन उलटं फिरलं.

मी सगळ्यांसमोर ते सांगितलं. शेठ लालबुंद झाले.

"देवना नाडा मानुसना हात मोडस का? तुन्ह्या चिंध्यास्नी मोडा!"

मोटर माणसांनी भरलेली होती. सगळे उतरून आपापल्या वाटेला लागले.

हाडवैद्याने हात बांधला, तो वाकडाच जुळला. बोटांत पकड राहिली नाही. ड्रायव्हरची पकड गेली म्हणजे त्याचं काय उरलं? मी कळसाडीला गेलो. म्हटलं, माझ्याबरोबर चल, चार माणसं जमवू, शेठांना कबूल करायला लावू. लोटन म्हणाला,

"मिस्तरी, नाडानं नाव आते नको काढू. शेठ मन्हा धाकला भाऊले गाडीवर ठेवी ऱ्हायना. तू बोलशी ते त्यानी भाकर जाई."

मी गप्प बसलो. गावभर झालं, मिस्तरीच्या चिंध्यांनी लोटनचा हात खाल्ला. शेठांनी मात्र आठवड्याच्या आत मला नव्या वायरी करायला सांगितल्या. तेच सूत, तीच लाख. केल्या, आणि वर्षभर त्यांवर मोटर सुरळीत चालली.

पुढच्या खांडेनवमीला मी मुद्दाम शहाद्यातच थांबलो. शेठांनी स्टिअरिंगला नाडा बांधला, चाकापाशी नारळ फोडला. भटजींनी बॉनेटकडे हात नेला तर शेठ झटकन आडवे आले. "ते नका उघाडा."

म्हणजे त्यांना पटलं होतं. पहिल्याच दिवशी पटलं असणार! माझ्या अंगाची आग आग झाली.

प्रसाद वाटताना लोटनची पाळी आली. त्याने डावा हात पुढे केला. शेठ सवयीने म्हणाले, "उजवा हातमा ले रे, प्रसाद शे."

लोटनने डाव्या हाताने उजवा उचलला आणि पुढे धरला.

दिवाळीनंतर मी ते काम सोडलं. पुढे ज्यांना ज्यांना हे काम शिकवलं त्यांना सांगत आलो, प्लगच्या तारा कोरड्या आणि सुट्या ठेवा, आणि मालक मोटरीला हात लावून गेला असेल तर हँडल मारण्याआधी बॉनेट उघडून बघा.